पहिल्या मागाच्या कामट्या

आमच्या जिल्ह्यात नुसतं 'कारखाना' म्हटलं की तो साखरेचाच. दुसरा कुठलाही असला तर त्याची आधी ओळख करून द्यावी लागते. प्रवरेच्या काठी, देवळाली प्रवऱ्याहून टेम्पोनं अर्ध्या तासावर, पुराणिकांचा कापडाचा कारखाना साठ वर्षं उभा आहे. तरी लोक अजून त्याला 'सुताचा कारखाना' म्हणतात, आणि तेही धाकट्या जावेचं नाव घ्यावं अशा सुरात. साळूबाई वर्पे यांना याचा मनापासून राग आहे. एसटीत कोणी विचारलं, मावशी कुठल्या कारखान्यात असता, तर त्या "आमच्या" एवढंच म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. पण दोन थांबे गेले की त्यांना राहवत नाही.

"साखर खाता न्हवं?" त्या विचारतात. "मग ती आमच्या कापडातनं गाळून येती."

यात अतिशयोक्ती थोडी आहे, पण खोटं काही नाही. उसाचा रस गाळायला जाड, तिरप्या विणीचं सुती कापड लागतं, ते पुराणिकांकडे विणतात. आता नायलॉनचं कापड आलं आहे, तेही ते विणतात. पण पहिल्या मागावर आजही सुती गाळणीच निघते, आणि त्या मागाची सांधणी एकोणचाळीस वर्षं साळूबाईंच्या हातात आहे.

सांधणी म्हणजे काय, ते त्या कोणालाही समजावून सांगायला तयार असतात, कोणी विचारलं नाही तरी. मागावरचे उभे धागे, म्हणजे ताणा, एका मोठ्या रुळावर गुंडाळलेला असतो. त्याला बीम म्हणायचं. बीम संपत आला की नवा चढवायचा, आणि जुन्याच्या एकेका धाग्याला नव्याचा एकेक धागा गाठ मारून जोडायचा. चोवीसशे धागे, चोवीसशे गाठी. बोटांना राख लावून बसायचं आणि उठायचं ते शेवटची गाठ मारूनच. शेजारच्या शेडमध्ये आता सांधणीचं मशीन आहे. ते साळूबाईंची सून निकिता चालवते, आणि सासूचं दिवसाचं काम ती चहाच्या सुट्टीआधी उरकते. साळूबाईंना याचं वाईट वाटत असेल असा तुमचा समज असेल तर तुम्हाला साळूबाई कळल्या नाहीत. मशीन आलं तेव्हा त्यांनी भिंग लावून त्याच्या शंभर गाठी तपासल्या, तीन नापास केल्या आणि मशीनला कामावर ठेवून घेतलं.

कारखाना काढला तो आप्पासाहेब पुराणिकांनी. ते शाळामास्तर होते. घराण्यात कोणी कधी व्यापार केला नव्हता, पोथ्या वाचल्या होत्या किंवा पोरं शिकवली होती. साखर कारखान्यात काम करणारा एक जुना विद्यार्थी एकदा त्यांना म्हणाला, मास्तर, रस गाळायचं कापड पार मुंबईहून आणावं लागतं. मास्तरांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. १९६६ साली नोकरी सोडून त्यांनी एक जुना माग विकत घेतला आणि नदीकाठी पत्र्याची शेड टाकली. सुताला चढवलेली खळ धुवून काढायला वाहतं पाणी लागतं, म्हणून नदी. ते पाणी आता नदीत सोडत नाहीत, मागे हौद बांधून स्वच्छ करतात, पण काठावरच्या दगडी पायऱ्या अजून आहेत. गावानं मास्तरांना वर्षभर वेड्यात काढलं. मग पुढे दहा माग झाले, चाळीस झाले. बाकीच्या मागांवर लुगडी आली आणि गेली, पंचे आले, चादरी आल्या. पहिल्या मागावर मात्र गाळणीच राहिली.

त्या मागाची एक रीत आप्पासाहेबांनीच घालून दिली. नवरात्रात अष्टमीला त्याच्यावर नवा बीम चढवायचा, सांधणी करायची, आणि खंडेनवमीला पूजा करून माग चालू करायचा. सांधल्या जागेची वीतभर पट्टी कापून घ्यायची. तिच्या एका बाजूला जुनं कापड, मधे गाठींची ओळ आणि दुसऱ्या बाजूला नव्या धाग्यांची झालर. तिला तारखेची चिंधी टाचून ती पत्र्याच्या पेटीत ठेवायची. पूजेनंतर आप्पासाहेब दरवर्षी पाहुण्यांना एकच वाक्य सांगत, की या मागाचा ताणा पहिल्या दिवसापासून तुटलेला नाही, धाग्याला धागा लागत आला आहे. ते गेल्यावर त्यांचा मुलगा शामकांत हे वाक्य सांगू लागला, तेही वडिलांच्याच आवाजात.

यंदाची खंडेनवमी साठावी. शामकांतरावांची मुलगी यामिनी आता कारखाना बघते. तिनं ठरवलं की पहिला माग पुढच्या नव्या दालनात न्यायचा, तिथं त्यानं वर्षातून एक दिवस चालायचं आणि बाकीचे दिवस बघणाऱ्यांचे नमस्कार घ्यायचे. भिंतीवर साठ पट्ट्या ओळीनं लावायच्या आणि वर पाटी. पाटीचा मजकूर तिनं साळूबाईंना वाचून दाखवला:

माग क्रमांक १. १९६६ पासून अखंड ताणा. सांधणी: राजेश्वरी आप्पासाहेब पुराणिक. साळूबाई कानिफनाथ वर्पे.

साळूबाईंनी तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, चष्मा दे, माझं मीच वाचते.

त्यांचं नाव आजवर कशावर लागलं नव्हतं. सातबारा नवऱ्याच्या नावावर होता, आता मुलांच्या. घराच्या दारावर 'कानिफनाथ कृपा' लिहिलंय, त्यात कानिफनाथ देव की कानिफनाथ वर्पे हे घरातही कोणाला नक्की माहीत नाही. त्या महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. आपलं नाव भिंतीवर, तेही राजेश्वरीकाकूंच्या खाली, तेही रंगानं, पुसलं न जाणारं. त्यांना ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी कोणाला सांगितलंसुद्धा नाही.

पण यामिनीनं पुढचं काम सांगितलं आणि त्यांचा जीव खाली-वर झाला. पेटीतल्या कित्येक पट्ट्यांच्या तारखा कसरीनं खाल्ल्या होत्या. त्या क्रमानं लावून द्यायच्या होत्या, आणि गाठी बघून साल ओळखणारं माणूस कारखान्यात दुसरं नव्हतं. साळूबाई हो म्हणाल्या. त्या पेटीत १९८८ची पट्टी होती, आणि ती खोटी होती.

साल अठ्ठ्याऐंशी. साळूबाईंना कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. राजेश्वरीकाकू, म्हणजे आप्पासाहेबांच्या पत्नी, त्यांच्या गुरू. अष्टमीला दोघींनी सांधणी निम्मी केली आणि तेवढ्यात निरोप आला, की सुनेला, प्रेमलाला, कळा सुरू झाल्यात. काकू तशाच उठून संगमनेरच्या दवाखान्यात गेल्या. आप्पासाहेब आणि शामकांत आधीच तिकडे होते. नवमीला सगळे कामगार संध्याकाळी पूजेलाच येणार होते. साळूबाई मात्र सकाळी सातलाच आल्या.

पहिल्या मागाची पूजा काकू स्वतः करत. कोणी हात लावायचा नाही, असं बजावून सांगत, पण का ते सांगत नसत. साळूबाईंना वाटलं, आज काकू दमून येतील, आपण तयारी करून ठेवू. वर्प्यांच्या घरची, सगळ्या शेतकऱ्यांच्या घरची रीत त्यांना ठाऊक होती. खंडेनवमीला नांगराचा फाळ, विळे, कुदळी, जे सुटं होतं ते सगळं सोडवायचं, घासूनपुसून पाटावर मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. मग त्यांनी मागाचं जे सुटं दिसलं ते काढलं. आडवा धागा नेणारा धोटा काढला, पाने काढले, तेलाची बुधली घेतली. आणि ताण्यात आडव्या खुपसलेल्या दोन बांबूच्या कामट्या होत्या, धुळीनं आणि सुताच्या कचऱ्यानं माखलेल्या, त्याही ओढून काढल्या. नदीच्या पायरीवर राखेनं घासल्या, उन्हात वाळवल्या, पाटावर ठेवून कुंकू लावलं. दिसत होत्याही फार छान.

त्या दोन कामट्या म्हणजे ताण्याची शिस्त. एक धागा वर, एक खाली, असा चोवीसशे धाग्यांचा क्रम त्याच धरून ठेवतात. त्या निघाल्या की कोणता धागा कोणाच्या शेजारचा, हे देवसुद्धा सांगू शकत नाही. साळूबाई धोट्याला कुंकू लावून मागे वळल्या तेव्हा नवा ताणा न विंचरलेल्या केसांसारखा लोंबत होता. त्यांनी धागे वेगळे करायला घेतले, तर ते तुटायला लागले. एक, दोन, मग मूठभर.

आठच्या एसटीनं काकू आल्या, हातात पेढ्यांचा पुडा. नात झाली होती. दारातच त्या थांबल्या. मागाकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, कुंकू लावलेल्या कामट्यांकडे बघितलं. आणि तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसणं साळूबाईंना पुढे सदतीस वर्षं कळलं नाही. त्यांना वाटलं होतं, आता घरी पाठवतील. काकूंनी काय झालं एवढंही विचारलं नाही.

"धुतल्यास होय?" त्या म्हणाल्या. "बरं. दार लाव आणि पदर खोच."

तासभर दोघींनी गुंता सोडवून बघितला. मग काकूंनी कात्री घेतली आणि ताणा आरपार कापला. साळूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर सांधणी नव्हे, पहिल्यापासून भरणी. नव्या बीमचा एकेक धागा मागून एकीनं द्यायचा, पुढून दुसरीनं आकड्यानं ओढून मागाच्या वहीतून, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या फासांतून, आणि फणीतून काढायचा. चोवीसशे वेळा. सराईत माणसं दोन दिवस घेतात. या दोघी पेढे खाऊन दुपारी चारला उठल्या, आणि एकही धागा चुकला नव्हता.

शेवटी पट्टी. काकूंनी जुन्या कापडाचा वीतभर तुकडा मांडीवर घेतला, त्याची कड उसवली, आणि दोघींनी मिळून तिला नवे धागे सांधले. अर्ध्या तासात पट्टी तयार. मग त्यांनी साळूबाईंना जवळ बसवून शिकवलं, की कामटी काढायचीच असेल तर आधी तिच्या वाटेनं दोरा ओवायचा, म्हणजे क्रम दोऱ्यावर राहतो. आणि म्हणाल्या, "ह्यांना सांगायचं नाही. त्यांचा तेवढा एकच अभिमान आहे."

संध्याकाळी आप्पासाहेब नातीच्या आनंदात आले, पूजा झाली, आणि त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की बावीस वर्षं धागा तुटलेला नाही. काकू समईची वात सारखी करत होत्या. साळूबाई जमिनीकडे बघत होत्या. पुढे आप्पासाहेब गेले, काकू गेल्या, त्या दिवशी जन्मलेली यामिनी मालकीण झाली. साळूबाईंनी तोंडातून शब्द काढला नाही. कानिफनाथ वर्प्यांनाही सांगितलं नाही, आणि ती माउली नवऱ्याला भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगणारी होती.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला नव्या दालनात लांब टेबल मांडून साळूबाई पट्ट्या लावायला बसल्या. काकूंची गाठ बारीक, शेपट्या एकसारख्या खुडलेल्या. साळूबाई डावखुऱ्या, त्यांच्या गाठीची शेपटी उलट्या अंगाला. ज्या वर्षी हात भाजला होता त्या वर्षीच्या गाठी त्यांनी लांबूनच ओळखल्या. त्या पट्टीशी थोडं बोलल्याही. अठ्ठ्याऐंशीची पट्टी हाताला लागली तेव्हा त्यांनी ती पटकन तिच्या जागी ठेवली. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. त्यांना कळत होतं. मागावर मारलेली गाठ वहीतून आणि फणीतून ओढली जाते, तिथं ती घासली जाते, दबते, शेपट्या एका अंगाला निजतात. मांडीवर मारलेली गाठ ताठ राहते. अठ्ठ्याऐंशीच्या सगळ्या गाठी उभ्या होत्या.

मग दुपारी त्यांना दुसरी पट्टी सापडली.

तीही तशीच. सगळ्या गाठी काकूंच्या हातच्या, बारीक, आणि सगळ्या ताठ. साळूबाईंनी ती उन्हात धरली, भिंगाखाली धरली, अंगठा फिरवून बघितला. या गाठींनी फणी बघितलेलीच नव्हती. तारखेच्या चिंधीवर आप्पासाहेबांचं वळणदार अक्षर होतं: खंडेनवमी, १९७१. साळूबाई तेव्हा झबल्यात होत्या.

त्या खुर्चीवर टेकल्या. सगळं आपोआप जुळत गेलं. पूजेला कोणी हात लावायचा नाही ही ताकीद. कारण न सांगणं. दारातलं ते हसणं. काय झालं न विचारता 'धुतल्यास होय' म्हणणं, भरणी कुठून सुरू करायची ते न चाचपडता ठाऊक असणं, खोटी पट्टी कशी करायची ते ठाऊक असणं. मास्तरांच्या घरात खंडेनवमीला पोथ्या आणि दौत-लेखणी मांडत. माग पुजायची पाळी काकूंवर पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनीही साळूबाईंसारखंच केलं होतं, जे सुटं दिसलं ते धुतलं होतं. आणि साळूबाईंच्या वेळी दोघी तरी होत्या. काकू एकट्या होत्या.

सदतीस वर्षं वाटत होतं, हा ताणा मी एकटीनं मोडला. साळूबाई रडल्या, आणि रडता रडता त्यांना हसू आलं, कारण काकूंनी मेल्यावरसुद्धा गुपित त्यांच्याच हाती दिलं होतं, ज्यांना ते वाचता येत होतं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. पेंटर परवा येणार होता, नाव लागणारच होतं. पण पाटीचा मजकूर आठवला की त्यांना आता राग यायला लागला. भीतीपेक्षा राग जास्त. 'अखंड' म्हणे. अखंड राहण्यात काय मोठेपणा, नशीब म्हणायचं त्याला. एका दिवसात चोवीसशे धागे बिनचूक भरले, ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम होतं, आणि त्याच्याबद्दल पाटीवर अक्षर नव्हतं. काकूंनी तर एकटीनं केलं होतं. संध्याकाळी शामकांतराव आणि यामिनी दालनात आले तेव्हा साळूबाईंनी दोन्ही पट्ट्या समोर ठेवल्या आणि कामट्यांपासून कात्रीपर्यंत सगळं सांगितलं.

"म्हंजी ताना दोनदा तुटल्याला हाय, दादा," त्या म्हणाल्या. "एकदा काकूंच्या हातनं, एकदा माझ्या. पाटीवर खोटं लिवू नका. माझं नाव न्हाई लागलं तरी चालंल."

हे शेवटचं वाक्य साफ खोटं होतं, पण त्या बोलून गेल्या.

शामकांतराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. ते वडिलांचं वाक्य सव्वीस वर्षं वडिलांच्या आवाजात सांगत आले होते. त्यांचा चेहरा उतरला. आई आता उत्तर द्यायला नाही, असं ते म्हणाले, आणि आप्पाही नाहीत. मग विचारलं, "साळूबाई, हे आजच सांगायला हवं होतं का?" उत्तराची वाट न बघता ते ७१ची पट्टी घेऊन निघून गेले. यामिनीनं साळूबाईंच्या हातावर हात ठेवला.

दोन दिवसांनी पेंटर आला, तो शामकांतरावांशी बोलून पाटी टेम्पोत घालून घेऊन गेला. निकितानं चौकशी केली, पण यामिनीताईंनाही काही माहीत नव्हतं. साळूबाईंनी ओळखलं, नाव गेलं. घरी त्या दोन दिवस कोणाशी नीट बोलल्या नाहीत. कांदा चिरताना मात्र त्यांनी सुनेला इतकंच सांगितलं, की केल्याचा पस्तावा नाही. पस्तावा नव्हताच. पण पाटीवर आपलं नाव कसं दिसलं असतं, ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. रंग निळा असणार होता.

अष्टमीला त्या नेहमीसारख्या पहिल्या मागावर, आता नव्या दालनात, बसल्या. शेवटची सांधणी. बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत, म्हणून पहाटेच आल्या. दुपारी केव्हातरी शामकांतराव येऊन दारात उभे राहिले. बराच वेळ त्यांनी बोटांकडे बघितलं. मग विचारलं, की आई एकटीनं भरणी करू शकली असेल का, चोवीसशे धागे, मागून देणारं कोणी नसताना. साळूबाई गाठ मारतच म्हणाल्या, की मागून धागा द्यायचा, मग मागाला वळसा घालून पुढं यायचं, ओढायचा, परत मागं जायचं. काकूंच्या अंगात तेवढा हट्ट होता. शामकांतराव मान हलवून गेले.

खंडेनवमीला सकाळीच दालन भरलं होतं. कामगार घरच्यांना घेऊन आले होते, साखर कारखान्यांचे इंजिनिअर आले होते, शेवगावपासून जुनी गिऱ्हाइकं आली होती. पाटीवर कापड टाकलेलं होतं. साळूबाई नवं लुगडं नेसून सर्वांत मागे, दाराजवळ उभ्या राहिल्या, म्हणजे गरज पडली तर निघून जाता यावं.

पूजा झाली आणि शामकांतराव बोलायला उभे राहिले. या वेळी आवाज वडिलांचा नव्हता.

"एकाहत्तर साली मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो," ते म्हणाले. "खंडेनवमीच्या दिवशी शेडचं दार आतून बंद. मी ठोठावलं, तर आई मागाखालून घामाघूम होऊन बाहेर आली. म्हणाली, कानातली कुडी पडली, ती शोधतेय. मीही अर्धा तास नदीपर्यंत कुडी शोधली. दोन्ही कुड्या तिच्या कानात होत्या. मला ते दिसलं होतं, पण समजायला चोपन्न वर्षं लागली."

लोक हसले. मग त्यांनी बाकीचं सांगितलं, आईचं आणि साळूबाईंचं, कात्रीसकट. माझ्या वडिलांना अभिमान होता तो ताणा न तुटल्याचा, असं ते म्हणाले, आणि ज्यांनी तो तुटलेला पुन्हा उभा केला त्या दोघींनी त्यांच्या अभिमानाला धक्काही लागू दिला नाही. त्यांनी यामिनीला खूण केली आणि तिनं कापड ओढलं.

माग क्रमांक १. १९६६ पासून चालू. ताणा दोनदा तुटला, दोन्ही वेळा एका दिवसात उभा केला. १९७१: राजेश्वरी आप्पासाहेब पुराणिक. १९८८: राजेश्वरी आप्पासाहेब पुराणिक आणि साळूबाई कानिफनाथ वर्पे.

रंग निळाच होता. खाली साठ पट्ट्यांत त्या दोन ताठ गाठींच्या पट्ट्या मधोमध लावल्या होत्या. निकितानं सासूला पुढे ढकललं. साळूबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि सगळी पाटी ओठ हलवत सावकाश वाचली. आपलं नाव आलं तिथं थांबल्या. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

लोक प्रसादाकडे वळले तेव्हा शामकांतराव मागापाशी आले. ताण्यात त्याच दोन कामट्या होत्या, बांबू म्हातारा होऊन काळपट झालेला. वर धूळ बसली होती. आईच्या ताकिदीमुळे अठ्ठ्याऐंशीनंतर त्यांना कोणी ओला फडकासुद्धा लावला नव्हता.

"साळूबाई," ते म्हणाले, "आज कामट्या धुवा."

साळूबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. थट्टा नव्हती. मग त्यांनी पदर खोचला, यामिनीकडून पांढरा दोरा मागून घेतला, आणि पहिल्या कामटीच्या वाटेनं तो या कडेपासून त्या कडेपर्यंत ओवला. दुसरीच्या वाटेनं दुसरा. दोन्हींची टोकं बांधली. चोवीसशे धागे दोऱ्यावर गपगार उभे राहिले. त्यांनी कामट्या हळूच ओढून काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि दालनाच्या मागच्या दारानं नदीच्या पायऱ्या उतरल्या. यामिनी राख घेऊन मागे गेली.

पाणी गुडघाभर होतं. साळूबाईंनी दोन्ही कामट्या राखेनं घासल्या, तीनतीनदा धुतल्या, आणि वाळायला उन्हात पायरीवर ठेवल्या.